माणसाला तोंड हाय

आम्ही परभणीत राहायला आलो त्या दिवशी शेजारचे नरहरराव भेटायला आले. सामान अजून अंगणातच पडलं होतं. त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही. बायकोच्या कडेवर आमचा मुलगा होता, त्याची हनुवटी दोन बोटांत धरली, अंगठ्यानं खालचा ओठ दाबला, आत डोकावले आणि म्हणाले, "आदत हाय अजून." मग माझ्याकडे वळले. मी नकळत ओठ मिटून घेतले, पण त्यांना तेवढ्यात दिसायचं ते दिसलं असावं. "तुमी जुळलेले," ते म्हणाले, आणि आमची एक ट्रंक उचलून आत नेऊन ठेवली.

दुधाचे दात न पडलेलं वासरू म्हणजे आदत आणि सगळे दात आलेला बैल म्हणजे जुळलेला, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी बायकोनं एवढंच विचारलं, की हे गृहस्थ पुन्हा येणार आहेत का.

ते रोज येत. नरहरराव गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते. गंगाखेड, पाथरी, जिंतूर अशी उभी नोकरी त्यांनी याच जिल्ह्यात काढली होती. लोक समोर त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत आणि मागे ढोरडॉक्टर. त्यांना मागचं नाव जास्त आवडे. "साहेब कुणालाबी म्हणतात," ते म्हणत. "ढोरं कुणाच्याबी हाताला येत न्हाईत."

एकदा मला ताप आला. नरहरराव आले, माझे दोन्ही कान चाचपले, पापणी खाली ओढून बघितली आणि बायकोला विचारलं, "चारा खायलेत का?"

"सकाळी थोडी पेज घेतली," बायको म्हणाली.

"शेणाला कसं व्हायलंय?"

"पातळ," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर आत गेली ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही.

मी म्हणालो, "डॉक्टर, मी शुद्धीवर आहे. मला विचारा की."

"तुमाला काय विचारायचं? माणसाला तोंड हाय. दुखलं तर बोलंल. जनावराचं बघावं लागतं."

हे त्यांचं पालुपद होतं. माणसाला तोंड हाय. कुणी आजारी पडो, कुणाचं भांडण होवो, कुणी रुसून बसो, नरहरराव एवढंच म्हणत आणि विषय संपवत. कॉलनीतल्या एकांनी मुलीसाठी स्थळ बघायला जाताना त्यांना हौसेनं बरोबर नेलं, वयस्कर माणूस असावा म्हणून. मुलगा बैठकीत चहा घेऊन आला. नरहररावांनी त्याला पुन्हा दारापर्यंत चालायला लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मागच्या डाव्या पायात जरा कसर हाय." मुलाच्या वडिलांनी पुढचे पाय कोणते, असं विचारलं. ते लग्न जमलं नाही. नरहररावांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत उमगलं नाही. कसर खरंच होती, असं त्यांचं म्हणणं.

घरात ते एकटेच. मुलगा पुण्यात नोकरीला, दिवाळीला यायचा. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं दुखणं नरहररावांना फार उशिरा कळलं, असं माझ्या बायकोनं बाहेर कुठंतरी ऐकलं होतं. बाई बोलल्या नव्हत्या म्हणे.

चित्रांचं खूळ निवृत्तीनंतरचं. पहिलं चित्र त्यांनी जखमेला लावायच्या जांभळ्या औषधानं काढलं. एक बाटली घरात उरली होती. गाय चुन्याची, आकाश औषधाचं. मी म्हणालो, "संध्याकाळ छान आलीय." ते म्हणाले, "दुपार हाय." मग मी त्यांना बाजारातून रंगाच्या डब्या आणि दोन-तीन ब्रश आणून दिले. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. सुताराकडून पातळ फळ्या आणत आणि ओसरीत बसून रंगवत.

जनावरं ते अशी काढत की बघणाऱ्यानं जरा मागं सरावं. उठायच्या बेतातली म्हैस, मागचा भाग वर, पुढचे गुडघे अजून टेकलेले. दुसऱ्याच्या कुंपणाकडं बघणारी शेळी, तिच्या डोळ्यांत सगळा बेत लिहिलेला. पण माणसं? माणसं सगळी कमरेपर्यंत. धोतराचे सोगे, लुगड्याचे काठ, भेगाळलेल्या टाचा, कासरा धरलेले हात. त्याच्या वर फळी संपलेली. पन्नासएक चित्रांत एकाही माणसाला डोकं नव्हतं.

"जनावर मान खाली घालून असतं," ते सांगत. "त्याला माणूस एवढाच दिसतो."

"पण चित्र तुम्ही काढताय."

"आमी बी उभी नोकरी वाकूनच केली."

त्यांचा जन्म पोखर्णीच्या नरसिंहाला केलेल्या नवसाचा, म्हणून नाव नरहरी. या वादात ते देवालाही साक्षीला काढत. "आमच्या देवाकडं बघा. धड माणसाचं घेतलं, पण तोंड जनावराचं घेतलं. काही विचार करूनच घेतलं असंल की न्हाई?"

एका पुढाऱ्यानं त्यांची कीर्ती ऐकून आपल्या जर्सी गाईबरोबर स्वतःचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं. नवं धोतर नेसून, फेटा बांधून तो दोन दुपारी ओसरीसमोर उभा राहिला. चित्र झालं. गाय तर अशी की आता हंबरेल. तिच्या बाजूला धोतर आणि कोल्हापुरी चपला.

"मी कुठंय?" पुढारी म्हणाला.

"हे काय, चपला तुमच्याच हायत," नरहरराव म्हणाले.

पुढाऱ्यानं चित्र नेलं नाही. बरेच दिवस ते नरहररावांच्या न्हाणीघरावर पावसासाठी टाकलेलं होतं.

फळ्या इतक्या झाल्या की घरात पाय ठेवायला जागा उरेना. तेव्हा त्यांचं प्रदर्शन भरवावं, ही कल्पना माझ्या बायकोची. त्यामागे कलेचं प्रेम किती आणि पसारा आवरण्याची खोड किती, ते मी विचारलं नाही. मे महिना होता. नरहररावांनी बैठकीत आणि ओसरीत चित्रं मांडली आणि दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलं, चित्रं बघावीत, हात लावला तरी चालेल.

कॉलनीतली झाडून सगळी माणसं आली. मे महिन्यात परभणीत दुपारी करायचं काय, हा प्रश्नच असतो, आणि नरहररावांनी पन्ह्याची घागर भरून ठेवली होती. प्रत्येकजण तेच विचारत होता, डोकी कुठं आहेत. एक निवृत्त मुख्याध्यापक बराच वेळ हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "आजच्या माणसाचं शिर हरवलं आहे, असं आपणांस सुचवायचं आहे."

"न्हाई," नरहरराव म्हणाले. "फळी तेवढीच व्हती."

त्या सुट्टीत माझ्या बहिणीची मुलगी मंजू नाशिकहून आमच्याकडे आली होती. तिसरीतून चौथीत गेलेली. कमी बोलणारी, पण एकदा बोलायला लागली की समोरच्याचं ऐकून घेऊन पुढचा प्रश्न विचारणारी. तीही माझ्याबरोबर आली. फळ्या भिंतीशी जमिनीवरच टेकवून ठेवल्या होत्या. मोठी माणसं वाकून बघत होती. मंजूला वाकावं लागत नव्हतं. ती एकेका चित्रासमोर उभी राहून पुढे सरकत होती आणि डोक्यांबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

नरहररावांच्या ते ध्यानात आलं. ते म्हणाले, "बाळ, तू न्हाई विचारलंस, माणसाचं डोकं कुठाय ते?"

"मलापण मोठी माणसं अशीच दिसतात," मंजू म्हणाली. "बसमध्ये तर नुसत्या पँटी."

त्यांनी तिला पन्हं भरून दिलं आणि त्यानंतर ते इतर पाहुण्यांना सोडून तिच्याच मागे मागे हिंडू लागले. ही गाय कुणाची, हिचं नाव काय, हिला काय झालं होतं. प्रत्येक जनावराचं नाव त्यांना पाठ होतं. मंजू ऐकत होती. एका चित्रात तांबड्या गाईच्या तोंडाशी हिरव्या बांगड्यांचा हात होता, हातात चतकोर भाकरी.

"ही कुणाची गाय?"

"घरची."

"आणि हात?"

"तो बी घरचाच," ते म्हणाले, आणि पुढच्या चित्राकडे गेले.

ते पुढचं चित्र एका काळ्या-बांड्या बैलाचं होतं. बैल उभा होता, पण पाय फाकवून, जणू जमिनीवर विश्वास नसल्यासारखा. पाठीवर आणि बरगड्यांवर पांढऱ्या मलमाचे मोठे पट्टे. मागे काळपट जमीन, कोपऱ्यात वाकडा झालेला पत्रा. कासरा दोन हातांनी धरलेला. मंजू या चित्रासमोर इतका वेळ थांबली की मी तिला चल म्हणालो. ती हलली नाही.

"हा भाजलाय का?" तिनं विचारलं.

"व्हय. पाखऱ्या त्याचं नाव. वाचला पण."

"तुम्ही औषध लावलंत."

"लावलं की. ते पांढरं दिसायलंय ना, तेच."

मंजूनं बोट कासऱ्यावर नेलं. "हे हात पण भाजलेत."

मी वाकून बघितलं. इतक्या वेळा ते चित्र मी पाहिलं होतं, पण हात पाहिले नव्हते. हातांवर फोड होते. काही फुटलेले, खालची गुलाबी कातडी दिसत होती. बोटं कासऱ्याभोवती मिटलेली नव्हती, कासरा नुसता तळव्यांत अडकवून धरला होता. नरहररावांनी एकेक फोड काढला होता.

"यांच्या हाताला कुणी लावलं?" मंजूनं विचारलं.

"माणसाचं काय," नरहरराव म्हणाले, "माणसाला तोंड..." आणि तिथंच थांबले.

मागे मुख्याध्यापक कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होते. नरहरराव फळीसमोर उकिडवे बसले. मग त्यांनी मंजूला सांगितलं, पण बघत होते ते चित्राकडेच.

"विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिल्यानं दंगल झाली ते वरीस. तू जन्मली बी नव्हतीस. पिंगळीच्या पुढं आडबाजूला एक गाव हाय. गावाबाहेरची वस्ती पेटवून दिलती गावातल्याच लोकांनी. दुसऱ्या दिवशी आमच्या खात्याला हुकूम आला, जनावरं तपासा. मी गेलो. ह्या बैलाला मलम लावलं, सुई दिली, पुढच्या गोठ्याकडं गेलो."

"आणि माणसं?"

"माणसांसाठी दुसरी गाडी येणार व्हती."

"आली का?"

"ते मला ठाव न्हाई. माझं खातं जनावराचं."

"पण मलम तर तुमच्याजवळ होतं ना?"

"व्हतं," नरहरराव म्हणाले.

मंजू पुढच्या चित्राकडे गेली. ते शेळीचं होतं आणि तिला आवडलं. नरहरराव मात्र तिथंच बसून राहिले. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर त्यांनी दारावरची खडूची ओळ ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या फाटकाशी उभे होते. डोक्यावर टोपी, खांद्याला दवाखान्याची जुनी पिशवी, काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेली फळी.

"पोरीला घ्या," ते म्हणाले. "त्या गावाला जायचंय."

मी म्हणालो, "डॉक्टर, त्याला बारा वर्षं होत आली. तो माणूस तिथं आहे की नाही कुणास ठाऊक. आणि भेटला तर बोलणार काय?"

"बघू."

"मग मंजू कशाला? उन्हाचं."

"प्रश्न तिचा हाय," ते म्हणाले.

मंजू चपला घालून तयारच होती. बायकोनं तिच्या डोक्याला ओला रुमाल बांधला आणि आम्ही एसटीनं निघालो. फाट्यावर उतरून पुढं चालत जायचं होतं. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, झाड कुठं नाही. नरहररावांना वाट आठवत होती. आठवत नव्हतं ते त्या माणसाचं नाव. ते त्यांना कधी माहीतच नव्हतं.

गावाच्या पारावर चार-पाचजण बसले होते. नरहररावांनी रामराम केला आणि विचारलं, "पाखऱ्या नावाचा बैल कुणाचा व्हता हो? काळा-बांडा, डावं शिंग जरा खाली."

पारावरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. गावात येऊन माणसाचा पत्ता मेलेल्या बैलाच्या नावानं विचारणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. एक म्हातारा म्हणाला, "तो व्हय. वस्तीवरचा. लय वर्सं झाली त्याला जाऊन." मग जरा थांबून, "तिकडं कशाला जायलाव तुमी?"

"बैलाचं काम हाय," नरहरराव म्हणाले.

"बैलच न्हाई राहिला तर काम कशाचं?"

म्हाताऱ्यानं हातातल्या काठीनं दिशा दाखवली.

घर विटांचं होतं, वर पत्रे. दारात लिंबाचं लहान झाड, त्याच्या सावलीत एकजण खाटेचा सुंभ आवळत बसला होता. पन्नाशीचा, काटक. त्यानं मान वर केली, नरहररावांकडं बघितलं आणि म्हणाला, "ढोरडाक्टर."

नरहरराव उभेच राहिले. "तुमी ओळखलं?"

"त्या दिशी पायातल्या बुटासकट राखंत शिरला व्हताव. ओळखू न्हाई तर काय." त्यानं आतल्या बाजूला हाक दिली, "पाणी आण गं, परभणीचे डाक्टर आलेत." मग आम्हाला त्याच खाटेवर बसवलं. अर्धी आवळलेली खाट मधेच खोल होती, त्यामुळे आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर कललो.

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. उंच, पांढरे झालेले केस घट्ट बांधलेले. आत भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर दिसत होती, हार ताजा होता. आम्ही पाणी प्यालो. मंजूनं दोनदा मागून घेतलं.

मग नरहररावांनी स्वतःला जमत होतं ते केलं. पुढं वाकून त्या माणसाचा उजवा हात धरला, बैलाचा खूर उचलतात तसा उलटा केला आणि तळवा उन्हाकडं वळवला. कातडी ओढलेली, चकचकीत. दोन बोटं पुरती सरळ होत नव्हती.

"मिटतात का?"

"ऊस तोडण्यापुरती मिटतात," तो म्हणाला. "आताच हंगाम संपवून कारखान्यावरून आलो. कोयता धरता येतो. बटण लावता येत न्हाई."

"म्हणून बिनबटणाची बंडी घालतेत," बायको म्हणाली.

नरहररावांनी फळीवरचं धोतर सोडलं आणि चित्र लिंबाला टेकवून ठेवलं. ती दोघं बघू लागली. माणसानं पुढं होऊन बैलाच्या शिंगावर बोट फिरवलं. "बराबर हाय. हे शिंग असंच व्हतं. चार-पाच सुग्या वढल्या ह्यानं नंतर." मग हातांकडं बघितलं. "हे मी."

"आणि मी?" बायको म्हणाली.

नरहररावांना कळलं नाही.

"पाखऱ्याचं तोंड मी धरलं व्हतं, तुमी सुई टोचताना. ह्यांच्या हातात कुठला जोर? मी ह्या अंगाला उभी व्हते." तिनं फळीच्या बाहेर, लिंबाच्या खोडावर बोट ठेवलं.

"मला दिसला न्हाईत तुमी," नरहरराव म्हणाले.

"तुमी वर बघितलंच न्हाई."

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. घडलं ते सांगितलं. मग पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "डाक्टर, एक विचारू का? ते पांढरं मलम माणसाला चालतं का?"

"चालतं."

"बराबर चालतं?"

"तेच मलम. डब्यावर चित्र तेवढं गाईचं असतं."

ती नवऱ्याकडं वळली. "बघा. तुमी मला किती वर्सं बोलून दाखवलंत, बैलाचं औषध लावलंस म्हणून कातडी अशी झाली." मग नरहररावांना सांगू लागली, "तुमी पुढं गेल्यावर मी पाखऱ्याच्या अंगावरचं थोडं बोटानं काढून ह्यांच्या हाताला लावलं. दुसरं व्हतंच काय? दवाखान्याची गाडी आली ती तिसऱ्या दिशी. पण जखमंवरचं न्हाई काढलं हां. कडंचं, केसावर लागलं व्हतं ते काढलं. मुक्या जिवाला कमी पडू न्हाई म्हणून."

"म्हणजे तुम्ही लावलंत," मंजू म्हणाली.

"मीच की, बाय. दुसरं कोण लावणार?"

मंजूनं मान हलवली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. तिथून पुढं तिचं लक्ष कोंबडीच्या पिलांकडं गेलं.

नरहररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. तिची घडी घालत होते, उलगडत होते. "मी विचारायला पाहिजे व्हतं," ते म्हणाले.

तसं काही नाही, असं तो माणूस म्हणाला नाही. तो म्हणाला, "गावातलं कुणी आलं नव्हतं त्या दिशी. तुमी आलते. बैलासाठी का व्हईना." आणि परत सुंभ हातात घेतला, पण खाटेवर आम्ही बसलो होतो म्हणून तसाच धरून राहिला.

निघताना नरहररावांनी चित्र त्यांना देऊ केलं. माणूस म्हणाला, इथं कुठं लावता, खिळा मारला की वीट फुटते. बायकोनं चित्र पुन्हा एकदा नीट बघितलं.

"न्या परत," ती म्हणाली. "मला घालून आणा."

फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. ऊन उतरणीला लागलं होतं. एसटी लांबून धुरळा उडवत येताना दिसली, थांबली. मी मंजूला वर चढवलं, मी चढलो. नरहररावांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि तसेच उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, वर या की."

नरहररावांनी पाय खाली घेतला. फळी माझ्या हातात दिली.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं."

कंडक्टरनं घंटी मारली. मंजू मागच्या खिडकीशी गेली. आल्या वाटेनं ते परत चालले होते, टोपी हातातच, जरा वाकून.

ते दिवस मावळता परतले. आम्ही अंगणात बसलो होतो. कुंपणापाशी येऊन म्हणाले, "गयाबाई. त्यांचं नाव गयाबाई. मालकाचं किसन." त्यांना चहा विचारला, नको म्हणाले. फळी घेऊन घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मंजूला ओसरीत बोलावून घेतलं. माणसाचं तोंड काढायची सवय करायची आहे, तेवढं जरा समोर बैस, म्हणाले. मांडीवर कागद आणि हातात पेन्सिल घेऊन बसलेले नरहरराव मी कुंपणावरून पाहिले आणि कामावर गेलो. जेवायला आलो तेव्हा मंजू नुकतीच घरी परतली होती. बायको तिला ओरडत होती, इतका वेळ उन्हाचं तिकडं काय करत होतीस म्हणून.

"कसं आलं चित्र?" मी विचारलं.

"त्यांनी काढलंच नाही, मामा. कागद तसाच कोरा आहे. ते नुसते बघत होते."

"मग तू उठून यायचं नाही का?"

"कशी उठणार?" मंजू म्हणाली. "त्यांचं बघून झालं नव्हतं."